विश्लेषण : पैसे भरूनही पुस्तक आपलं का होत नाही? फासे, वर्गणी आणि छापील नियमपुस्तकाचा प्रश्न

समजा, कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एखाद्या गल्लीत दर रविवारी पाच मित्र जमतात. टेबलावर चहाचे कप, वेगवेगळ्या आकारांचे फासे, पेन्सिली आणि वह्या. दोघांनी पैसे साठवून जाडजूड छापील नियमपुस्तक आणलं आहे. तिसऱ्यानं तेच पुस्तक ऑनलाइन घेतलं आहे आणि त्याच्या वर्गणीवर उरलेले दोघं मोबाइलवर वाचतात. खेळ एकच, नियम एकच आणि पैसे दोन्हीकडे मोजलेले. मग फरक काय?

फरक कळतो तो पाच-दहा वर्षांनी. छापील पुस्तक कपाटात असतं. ऑनलाइन पुस्तक असेलच याची खात्री देता येत नाही आणि असलं तरी त्यातला मजकूर तोच असेल असंही नाही. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या जगप्रसिद्ध खेळात गेल्या काही वर्षांत यावरून मोठे वाद झाले. वाद एका खेळाचा असला, तरी प्रश्न मोबाइलवर पुस्तकं, गाणी, सिनेमे ‘विकत’ घेणाऱ्या प्रत्येकाचा आहे.

हा खेळ नेमका आहे तरी काय?

‘टेबलटॉप रोल प्लेइंग गेम’ म्हणजे टेबलाभोवती बसून, भूमिका घेऊन खेळायचा खेळ. त्याला संहिता नसलेलं नाटक म्हणता येईल. एक जण सूत्रधार असतो. तो प्रसंग उभा करतो : डोंगरातली गुहा, आत दिवा लुकलुकतोय, पावलांचा आवाज येतोय. बाकीचे खेळाडू आपापल्या पात्राच्या वतीनं काय करायचं ते सांगतात. ते जमलं की फसलं, हे फासा ठरवतो. त्यासाठी वीस बाजूंचा फासा सर्वाधिक वापरला जातो.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. पहिली आवृत्ती म्हणजे एका खोक्यात तीन छोट्या पुस्तिका होत्या आणि प्रती होत्या अवघ्या एक हजार. पुढे ‘विझर्ड्स ऑफ द कोस्ट’ या कंपनीनं १९९७ साली मूळ प्रकाशक कंपनी विकत घेतली आणि १९९९ साली खेळणी बनवणाऱ्या ‘हॅसब्रो’नं विझर्ड्सला विकत घेतलं.

या खेळाला पट लागत नाही, सोंगट्या लागत नाहीत, पुस्तक मात्र लागतं. पात्र कसं तयार करायचं, कुठल्या मंत्राचा परिणाम किती, कुठल्या राक्षसाची ताकद किती हे सगळं पुस्तकात असतं. मुख्य पुस्तकं तीन : खेळाडूंसाठी एक, सूत्रधारासाठी एक आणि राक्षसांचं एक. एकदा घेतली की तीच पुस्तकं वर्षानुवर्षं चालतात. खेळाडूंच्या दृष्टीनं ही मोठी सोय आहे. कंपनीच्या दृष्टीनं हीच अडचण, कारण पुस्तक घेतलेला गिऱ्हाईक पुन्हा दुकानात येईलच असं नाही.

नियमपुस्तक ऑनलाइन कसं गेलं?

ऑगस्ट २०१७ मध्ये ‘डी अँड डी बियाँड’ हे संकेतस्थळ सुरू झालं. गंमत म्हणजे ते विझर्ड्सचं नव्हतं. ‘कर्स’ नावाच्या कंपनीनं परवाना घेऊन ते उभं केलं होतं आणि ही कंपनी तेव्हा ॲमेझॉनच्या ‘ट्विच’च्या ताब्यात होती. २०१८ च्या अखेरीस ते ‘फँडम’ या कंपनीकडे गेलं. एप्रिल २०२२ मध्ये हॅसब्रोनं ते १४ कोटी ६३ लाख डॉलरना विकत घेण्याचा करार जाहीर केला. म्हणजे पाच वर्षांत खेळाडूंच्या ऑनलाइन कपाटाचे मालक दोनदा बदलले. कपाटात पुस्तकं ठेवणाऱ्यांना यात काही म्हणायला वाव नव्हता.

संकेतस्थळ लोकप्रिय झालं ते सोयीमुळे. कागदावर पात्र तयार करायला नवख्याला तास-दीड तास लागतो. इथे बटणं दाबत गेलं की बेरजा-वजाबाक्या आपोआप होतात. मंत्र शोधायला पानं उलटावी लागत नाहीत. एक खेळाडू कोल्हापुरात, दुसरा नोकरीसाठी पुण्यात, तिसरा बंगळुरूत असला तरी सगळ्यांसमोर एकच पुस्तक उघडतं. कोविडच्या काळात टेबलाभोवती बसणंच बंद झालं, तेव्हा ऑनलाइन साधनांशिवाय अनेक गटांपुढे पर्याय उरला नाही.

वर्गणीत नेमकं काय मिळतं?

इथे बऱ्याच जणांचा गैरसमज होतो. वर्गणी भरली की सगळी पुस्तकं वाचायला मिळतात, असं नाही. पुस्तक वेगळं विकत घ्यावं लागतं. फुकट खात्यात सहाच पात्रं ठेवता येतात. पहिल्या पायरीची वर्गणी भरली की हवी तेवढी पात्रं ठेवता येतात. वरच्या पायरीची वर्गणी भरली, तर आपण घेतलेली पुस्तकं आपल्या गटातल्या इतरांना दाखवता येतात. म्हणजे छापील पुस्तक शेजारच्याकडे सरकवायला काही लागत नाही, इथे त्याच कृतीचं भाडं आहे. वर्गणी थांबवली तर पुस्तक खात्यात राहतं, पण मित्रांच्या पडद्यावरून ते जातं.

मराठी वाचकाला वर्गणी नवीन नाही. मात्र आपल्याकडे तिचे दोन ठळक प्रकार होते. मासिकाची वर्गणी भरली की अंक घरी यायचा आणि वर्गणी संपली तरी जुने अंक आपलेच राहायचे. वाचनालयाची वर्गणी भरली की पुस्तक परत करावं लागायचं, पण थोड्या पैशांत शेकडो पुस्तकं वाचता यायची. डिजिटल व्यवहारात या दोन्हींची सरमिसळ झाली आहे. किंमत विकत घेतल्याची मोजायची आणि हक्क मात्र वाचनालयाच्या सभासदासारखे, किंबहुना त्याहून कमी.

हिशेब कुणाच्या बाजूनं जातो?

२०२४ मध्ये सुधारित आवृत्ती आली, तेव्हा अमेरिकेत छापील मुख्य पुस्तकाची किंमत ४९.९९ डॉलर होती आणि डिजिटलची २९.९९ डॉलर. पुस्तकं वाटून घेता येणाऱ्या पायरीची वार्षिक वर्गणी ५४.९९ डॉलर होती. डॉलरला ८५ रुपये धरून आणि कर व वाहतूक बाजूला ठेवून गणित असं दिसतं.

तीन छापील पुस्तकांना सुमारे १२,७५० रुपये लागतात. तीन डिजिटल पुस्तकं सुमारे ७,६५० रुपयांना पडतात आणि वर्षाची वर्गणी सुमारे ४,६७५ रुपये. पहिल्या वर्षाअखेर दोन्ही रकमा जवळजवळ सारख्याच होतात. पण छापील खर्च तिथेच थांबतो आणि डिजिटल पुढे चालू राहतो. पाच वर्षांत तो ३१,००० रुपयांच्या आसपास जातो. पाच जणांत वाटला तर प्रत्येकी ६,२०० रुपये, तर छापील पुस्तकांचे प्रत्येकी २,५५० रुपये.

याला दुसरी बाजूही आहे. पाच जणांत खेळाडूंचं एकच पुस्तक असेल तर सारखी ओढाताण होते. म्हणून त्याच्या आणखी दोन प्रती घेतल्या, तर छापील खर्च २१,००० रुपयांच्या वर जातो. अशा वेळी डिजिटल सुमारे तीन वर्षांपर्यंत स्वस्त पडतं, त्यानंतर पारडं फिरतं. वर्षभरच खेळून पाहायचं असेल तर डिजिटल परवडतं. दहा वर्षं खेळायचं असेल तर कागद परवडतो.

भारतात आणखी काही गोष्टी या हिशेबात येतात. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही. पण २०१९ च्या अर्थसंकल्पात आयात छापील पुस्तकांवर ५ टक्के सीमाशुल्क लावण्यात आलं. छापील आवृत्ती असलेल्या ई-पुस्तकावर २०१८ पासून ५ टक्के जीएसटी आहे, तर परदेशी कंपनीकडून घेतलेल्या ऑनलाइन सेवांवर सर्वसाधारणपणे १८ टक्के. शिवाय १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचे आपोआप होणाऱ्या कार्ड-कपातीचे नियम कडक झाले. त्यानंतर अनेक परदेशी सेवांची वर्गणी भारतीय कार्डांवरून कापली जाईना. ग्राहकाच्या संमतीशिवाय पैसे कापले जाऊ नयेत, हा नियमाचा हेतू चांगलाच होता. पण पैसे भरायची तयारी असूनही वर्गणी खंडित होऊ शकते, हे त्यातून अनेकांना पहिल्यांदा कळलं.

वाद कधी आणि कशावरून झाले?

पहिला मोठा धक्का एप्रिल २००९ मध्ये बसला. पायरसीचं कारण देत विझर्ड्सनं आपल्या सगळ्या पुस्तकांच्या पीडीएफ विक्रीतून काढून घेतल्या. आधी पैसे देऊन घेतलेली फाइल पुन्हा उतरवून घेण्याची सोयही थांबली. ज्यांनी ती संगणकावर साठवली होती ते वाचले. जुन्या पुस्तकांच्या पीडीएफ अधिकृतपणे परत यायला २०१३ साल उजाडलं.

दुसरं उदाहरण अधिक बोलकं आहे. २००८ साली खेळाची चौथी आवृत्ती आली आणि तिच्यासोबत ‘डी अँड डी इनसायडर’ ही मासिक वर्गणीची सेवाही. पात्र तयार करण्याचं साधन आधी संगणकावर उतरवून घेता येत असे. २०१० मध्ये ते फक्त ऑनलाइन झालं आणि मायक्रोसॉफ्टच्या ‘सिल्व्हरलाइट’ या तंत्रावर बेतलं गेलं. ते तंत्र जुनं झालं, ब्राउझरनी त्याला आधार देणं बंद केलं आणि २०२० च्या सुरुवातीला ही साधनं बंद पडली. कुणी फसवणूक केली नव्हती, सेवेचं आयुष्य संपलं इतकंच. चौथ्या आवृत्तीची छापील पुस्तकं मात्र आजही उघडतात आणि त्यावरून खेळ होतो.

तिसरा प्रकार मजकूर बदलण्याचा. डिसेंबर २०२१ मध्ये कंपनीनं काही पुस्तकांतले उतारे दुरुस्तीच्या नावाखाली काढले. त्यामागचा विचार योग्य होता की नाही यावर मतभेद आहेत. काही काल्पनिक वंशांचं सरसकट दुष्ट म्हणून केलेलं चित्रण बदलायला हवं, असं अनेक खेळाडूंचंही म्हणणं होतं. पण परिणाम पाहण्यासारखा होता. ज्यांनी डिजिटल प्रत आधीच घेतली होती, त्यांच्या खात्यातलाही मजकूर बदलला. छापील प्रत घेतलेल्यांकडे जुना मजकूर राहिला आणि नवा स्वीकारायचा की नाही हे त्यांच्या हाती राहिलं.

ऑगस्ट २०२४ मध्ये हाच प्रश्न मोठ्या प्रमाणावर उभा राहिला. सुधारित आवृत्ती येण्याच्या तोंडावर कंपनीनं जाहीर केलं की ऑनलाइन पात्रपत्रिकेतले जुने मंत्र आणि जादूच्या वस्तू यांच्या जागी नवे नियम दिसतील. अर्ध्यावर आलेला डाव जुन्या नियमांनी पुरा करायचा असेल, तर नियम हातानं भरत बसा, असा त्याचा अर्थ होता. खेळाडू संतापले आणि काही दिवसांतच कंपनीनं माघार घेतली. जुने नियम राहतील, असं तिनं सांगितलं.

वर्गणी रद्द करणं हे हत्यार कसं ठरलं?

जानेवारी २०२३ मधला वाद सगळ्यांत मोठा. २००० सालापासून ‘ओपन गेम लायसन्स’ या परवान्याखाली इतर लेखक-प्रकाशकांना मूळ नियमांवर आधारित पुस्तकं काढता येत होती. त्यावर एक अख्खा छोटा उद्योग उभा राहिला होता. नव्या परवान्याचा मसुदा फुटला आणि त्यात वार्षिक साडेसात लाख डॉलरपेक्षा जास्त उत्पन्नावर २५ टक्क्यांपर्यंत स्वामित्वधन मागितल्याचं उघड झालं. जुना परवाना रद्द समजण्याचाही कंपनीचा इरादा दिसत होता.

निषेध म्हणून खेळाडूंनी ऑनलाइन वर्गण्या रद्द करायला सुरुवात केली. वर्गणीच्या धंद्याची दुसरी बाजू इथे दिसते. छापील पुस्तक विकलं गेलं की वाचकाचा कंपनीवरचा दबाव संपतो, कारण पैसे गेलेले असतात. वर्गणीदार मात्र दर महिन्याला मत देत असतो. कंपनीनं मत मागवलं तेव्हा १५ हजारांहून अधिक जणांनी उत्तरं दिली. त्यांतल्या ८९ टक्के लोकांना जुना परवाना रद्द करणं मान्य नव्हतं. २७ जानेवारी २०२३ रोजी कंपनीनं जुना परवाना कायम ठेवला आणि मूळ नियमांचा सुमारे ४०० पानांचा मजकूर ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ परवान्याखाली खुला केला. हा परवाना परत घेता येत नाही.

हे फक्त खेळांपुरतंच आहे का?

नाही. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉननं हक्कांच्या वादामुळे जॉर्ज ऑरवेल यांची ‘१९८४’ आणि ‘ॲनिमल फार्म’ ही पुस्तकं ग्राहकांच्या किंडलवरून परस्पर पुसली. पैसे परत दिले गेले आणि पुढे कंपनीनं माफीही मागितली. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टनं आपलं ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं तेव्हा ग्राहकांची पुस्तकं उघडेनाशी झाली. तिथेही पैसे परत मिळाले. फेब्रुवारी २०२५ मध्ये ॲमेझॉननं किंडलची पुस्तकं संगणकावर उतरवून यूएसबीनं हलवण्याची सोय काढून टाकली. किंडलवर २०१६ च्या अखेरीपासून मराठी पुस्तकंही मिळतात, त्यामुळे हा बदल मराठी वाचकालाही लागू झाला.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यानं यावर साधा उपाय काढला. १ जानेवारी २०२५ पासून तिथे डिजिटल वस्तू विकताना, ग्राहकाला फक्त परवाना मिळत असेल तर ते स्पष्ट न सांगता ‘विकत घ्या’ असे शब्द वापरता येत नाहीत. कायद्यानं मालकी दिली नाही, पण निदान गैरसमज दूर केला.

भारतात कायदा काय म्हणतो?

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम १४ इथे महत्त्वाचं आहे. एकदा विकली गेलेली प्रत ‘चलनात आलेली’ मानली जाते. त्यानंतर ती कुणाला द्यायची, विकायची, भेट द्यायची यावर लेखक-प्रकाशकाचा हक्क चालत नाही. जुन्या पुस्तकांची दुकानं, शाळेची पुस्तकं धाकट्या भावंडाला देणं आणि वाचनालयं हे सगळं या तत्त्वावर उभं आहे. छापील नियमपुस्तक कंटाळा आल्यावर निम्म्या किमतीत विकता येतं, त्याचं कारणही हेच.

डिजिटल पुस्तकात विकण्यासारखी ‘प्रत’ हातात येत नाही. खातं उघडताना न वाचता मान्य केलेल्या अटींत सहसा लिहिलेलं असतं की हा वापराचा परवाना आहे आणि तो दुसऱ्याला देता येणार नाही. त्यावरची कुलपं तोडणंही सोपं नाही : कॉपीराइटचा भंग करण्याच्या हेतूनं तांत्रिक संरक्षण मोडणं हा २०१२ च्या दुरुस्तीनंतर गुन्हा आहे. युरोपीय संघाच्या न्यायालयानं डिसेंबर २०१९ मध्ये ‘टॉम कॅबिनेट’ खटल्यात वापरलेली ई-पुस्तकं विकण्याला नकार दिला. कागदाची प्रत झिजते, डिजिटल प्रत झिजत नाही, त्यामुळे जुन्याचा बाजार नव्याला मारेल, असं कारण तिथे दिलं गेलं.

ग्राहक अगदीच निराधार नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘अनुचित करारा’ची व्याख्या आहे आणि योग्य कारणाशिवाय एकतर्फी करार संपवण्याची तरतूद तिच्यात मोडते. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ऑनलाइन फसव्या रचनांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. १३ प्रकारांच्या त्या यादीत ‘वर्गणीचा सापळा’ही आहे. वर्गणी सुरू करणं सोपं आणि रद्द करणं अवघड ठेवणं त्यात येतं.

मग छापील पुस्तकच बरं का?

इतकं सरळ उत्तर नाही, आणि हे कोल्हापूरला वेगळं सांगायला नको. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची धोक्याची पातळी ४३ फूट आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पाणी ५५ फुटांच्या पुढे गेलं आणि जुलै २०२१ मध्ये ५६ फुटांच्या. राजारामपुरी उंचावर असल्यानं बरीच बचावली, पण नदीकाठच्या वस्त्यांत घरंच्या घरं पाण्यात गेली. शेजारच्या सांगलीत नगर वाचनालयाची ग्रंथसंपदा भिजली आणि अनेक जुनी पुस्तकं गेली. कागदाला पाणी, वाळवी, आग या सगळ्यांचं भय आहे. दूर कुठल्या तरी सर्व्हरवर असलेल्या पुस्तकाला पंचगंगेचं पाणी लागत नाही.

पण त्याच महापुरात अनेक भागांत वीज गेली होती आणि पुणे-बंगळुरू महामार्ग अनेक दिवस बंद होता. जून २०२३ मध्ये शहरात तणाव निर्माण झाल्यावर प्रशासनानं इंटरनेट सेवा तात्पुरती बंद केली. अशा वेळी ॲपमध्ये आधी उतरवून ठेवलं नसेल, तर विकत घेतलेलं पुस्तक उघडत नाही. म्हणजे एक माध्यम पुरात बुडतं आणि दुसरं जोडणी तुटली की गप्प होतं. दोन्ही धोके एकाच शहरानं चार-पाच वर्षांच्या अंतरात पाहिले आहेत.

दोन्हींमध्ये एक तिसरा मार्ग आहे : कुलूप नसलेली पीडीएफ. ‘पाथफाइंडर’ हा स्पर्धक खेळ काढणारी ‘पायझो’ कंपनी आपली पुस्तकं अशा स्वरूपात विकते. ग्राहकाचं नाव पानावर उमटतं, पण फाइल त्याच्याकडे राहते. ती पेन ड्राइव्हवर ठेवता येते आणि छापताही येते. त्याच्या नियमांचा संग्रह संकेतस्थळावर मोफतही वाचता येतो आणि तरी त्या कंपनीची छापील पुस्तकं खपतात. नियम फुकट मिळाले की पुस्तक विकलं जात नाही, ही भीती म्हणूनच पूर्ण खरी नाही.

कोल्हापूरकडे यासाठी कुठला वारसा आहे?

पुस्तक एकट्यानं विकत घेण्यापेक्षा सगळ्यांनी मिळून ठेवावं, ही कल्पना या शहराला जुनी आहे. करवीर नगर वाचन मंदिराची सुरुवात १८५० सालची. कोल्हापूर संस्थानानं १९४५ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. देश स्वतंत्र होण्याआधीच वाचनालय चालवणं ही सरकारची जबाबदारी मानणारं ते संस्थान होतं. महाराष्ट्र राज्याचा ग्रंथालय कायदा त्यानंतर २२ वर्षांनी, १९६७ साली आला.

या वारशाचा आणि खेळाच्या नियमपुस्तकाचा संबंध थेट आहे. वाचनालयानं छापील पुस्तक एकदा घेतलं की ते शंभर जणांना देता येतं, कुणाची परवानगी लागत नाही. डिजिटल पुस्तक वाचनालयानं घेतलं, तर ते किती जणांना आणि किती काळ द्यायचं हे विकणारा ठरवतो. वाचन जसजसं पडद्यावर जाईल, तसतसा हा अधिकार वाचनालयांच्या हातून निसटत जाईल. महाग छंदाचं पुस्तक परवडत नसलेल्या मुलाला ते चाळायला मिळण्याची जागा म्हणजे वाचनालय, आणि तिचंच दार यात अरुंद होतं.

मराठीत काय होऊ शकतं?

२०२३ च्या वादातून एक गोष्ट अशी निघाली, जिचा मराठी खेळाडूंना थेट उपयोग आहे. क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला झालेला मूळ नियमांचा मजकूर कुणालाही कुठल्याही भाषेत आणता येतो. अट एकच : मूळ स्रोताचं श्रेय ठरलेल्या शब्दांत द्यायचं. कंपनीनं स्वतः फ्रेंच, जर्मन, इटालियन आणि स्पॅनिश अनुवाद प्रसिद्ध केले आहेत. मराठीसाठी कंपनीची वाट पाहायची गरज नाही. अनुवाद करून तो कोल्हापुरातल्या छापखान्यात छापला आणि विकला, तरी ते कायदेशीर आहे. २०२५ मध्ये सुधारित नियमांचा मजकूरही याच परवान्याखाली आला.

अनुवाद दूरची गोष्ट वाटत असेल, तर जवळचा उपायही आहे. खुला इंग्रजी मजकूर झेरॉक्सच्या दुकानात नेऊन छापून घ्यायचा. पानाला दीड रुपया धरला तरी ४०० पानांचे ६०० रुपये होतात, वर स्पायरल बाइंडिंग. त्यात चित्रं नसतील आणि काही पात्रं व मंत्र नसतील, पण खेळ सुरू करायला ते पुरेसं आहे. ती प्रत मित्राला देता येते, तिच्या कडेला टिपणं करता येतात आणि तिच्यातला मजकूर रात्रीतून बदलत नाही.

शिवाय कायद्याचं एक मूलभूत तत्त्व खेळाडूंच्या बाजूनं आहे. कॉपीराइट शब्दांना, चित्रांना, मांडणीला मिळतो, कल्पनेला मिळत नाही. फासा टाकून निकाल ठरवायचा ही कल्पना कुणाच्या मालकीची नाही. सह्याद्रीतल्या किल्ल्यांवर, घाटवाटांवर घडणारा आपला स्वतंत्र खेळ स्वतःच्या शब्दांत लिहायला कुणाची आडकाठी नाही.

विकत घेण्याआधी काय पाहावं?

प्रश्न मोजके आहेत. फाइल आपल्याकडे उतरवून ठेवता येते का? वर्गणी थांबवली तर काय उरतं आणि काय जातं? मजकूर बदलला तर जुना पाहता येतो का? दुसऱ्याला देता येतं का? कंपनी बंद पडली किंवा विकली गेली तर काय? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर अटींत बहुधा सापडत नाही, म्हणून तो आधी विचारावा.

अनेक गट आता मधला रस्ता धरतात. मुख्य पुस्तकाची एक छापील प्रत टेबलावर ठेवतात, पात्रपत्रिका वहीत लिहितात आणि दूरच्या मित्रासोबत खेळायचं असेल त्या महिन्यांपुरती वर्गणी घेतात. यात सोय घेतली जाते, पण डाव सोयीवर अवलंबून राहत नाही. राजारामपुरीतल्या त्या टेबलावरचे पाच जण उद्या पाच शहरांत पांगले, तर त्यांना ऑनलाइन पुस्तक लागेलच. आणि दहा वर्षांनी दिवाळीला घरी आल्यावर अर्धा राहिलेला डाव पुन्हा मांडायचा झाला, तर कपाटातली जुनी वही आणि छापील पुस्तक उघडायला कुणाचा पासवर्ड लागणार नाही.